पावसाळा आणि हॅम रेडिओ : केबलमध्ये शिरलेला ओलावा संदेश कसा गिळतो

मोसमी पाऊस स्थिरावला की हौशी रेडिओचालकांच्या, म्हणजेच ‘हॅम’ मंडळींच्या संभाषणांत एक तक्रार हमखास ऐकू येते. मे महिन्यापर्यंत खणखणीत पोहोचणारा आवाज जुलैमध्ये क्षीण होतो. शेजारच्या जिल्ह्यातील केंद्र कुजबुजल्यासारखे ऐकू येऊ लागते. संच तोच असतो, छतावरील अँटेना तीच असते, वीजपुरवठाही सुरळीत असतो. संशय प्रथम संचावर जातो, मग हवामानावर. संच आणि अँटेना यांना जोडणाऱ्या केबलकडे लक्ष जाते ते सर्वांत शेवटी, आणि दोष पुष्कळदा तिथेच दडलेला असतो.

हा प्रश्न केवळ छंदापुरता मर्यादित नाही. भारतात केंद्रीय दूरसंचार विभाग परीक्षा घेऊन हौशी रेडिओचा परवाना देतो आणि परवानाधारकाला ‘व्हीयू२’ किंवा ‘व्हीयू३’ने सुरू होणारे संकेतनाम मिळते. हे चालक एरवी देशविदेशांतील अनोळखी मित्रांशी गप्पा मारताना दिसतात. पण मोबाइलचे मनोरे कोलमडतात आणि तारा तुटतात, तेव्हा संदेशवहनाची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडते. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाला महाचक्रीवादळाने झोडपले तेव्हा हॅम चालक मदतीसाठी तेथे पोहोचले होते. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे एक पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली अंदमानात छंदाच्या मोहिमेवर गेले होते. २६ डिसेंबरला भूकंप आणि त्सुनामी आली. पथकाने मोहीम थांबवली आणि तेच संच, त्याच अँटेना बेटांवरील माणसांचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोहोचवण्याच्या कामी लावल्या. पूर आणि चक्रीवादळ यांच्यासोबत पाऊस येतोच. म्हणजे ज्या दिवसांत या संचांची खरी गरज भासते, नेमके तेच दिवस केबलच्या परीक्षेचे असतात.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. जोरदार सर आली की घरातील डीटीएचचे चित्र अडखळते, हे बहुतेकांनी अनुभवले आहे. तेथे उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची कंप्रता दहा गिगाहर्ट्‌झच्या वर असते. इतक्या लघु लहरींना पावसाचे थेंब हवेतच शोषून घेतात आणि विखुरतात. हौशी रेडिओचा नित्याचा व्यवहार मात्र ३ ते ३० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, तसेच १४४ मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालतो. या लहरींची लांबी काही मीटरांपासून दहा-वीस, चाळीस, ऐंशी मीटरांपर्यंत असते. थेंब त्यांच्या खिजगणतीतही नसतो. मुसळधार पावसातून त्या जवळजवळ अबाधित जातात. त्यामुळे हवेतील पावसाला दोष देण्यात अर्थ नाही. नुकसान होते ते लहर हवेत पोहोचण्यापूर्वी, केबलच्या काही मीटरांत.

केबल कोरडी असतानाही थोडी शक्ती खातेच. हे नुकसान डेसिबलमध्ये मोजतात. १ डेसिबल नुकसान म्हणजे सुमारे २० टक्के शक्ती वाया जाणे, ३ डेसिबल म्हणजे निम्मी शक्ती गमावणे आणि ६ डेसिबल म्हणजे हाती केवळ चतुर्थांश उरणे. ‘आरजी-२१३’ ही जाड केबल भारतातील अनेक केंद्रांवर दिसते. तिच्या १०० मीटर लांबीत ७ मेगाहर्ट्‌झवर दोन डेसिबलपेक्षा थोडे कमी आणि १४४ मेगाहर्ट्‌झवर साडेआठ डेसिबलच्या आसपास नुकसान होते. तीन मजली घराच्या गच्चीपर्यंत ३० मीटर केबल लागली आणि संचाची शक्ती २५ वॅट असली, तर १४४ मेगाहर्ट्‌झवर अँटेनापर्यंत सुमारे १४ वॅट पोहोचतात. त्याच केबलमध्ये पाणी शिरून नुकसान आणखी ३ डेसिबलने वाढले, तर उरतात सात. बारीक ‘आरजी-५८’ वापरणाऱ्यांची अवस्था कोरड्या दिवसांतही याच्या जवळपास असते, हे येथे नमूद केलेले बरे. शिवाय हे नुकसान दुहेरी आहे. जाणारा संदेश जसा क्षीण होतो तसा येणाराही होतो. पुरात अडकलेल्या गावातून, उतरत चाललेल्या बॅटरीवर कुणी पाच वॅटने बोलत असेल, तर हे तीन डेसिबल ऐकू येणे आणि न येणे यांतील अंतर ठरू शकतात.

पाणी नेमके काय करते, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते दोन समांतर तारांच्या केबलमध्ये. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या दशकांत वाढलेल्या पिढीला ही केबल चांगली आठवत असेल. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि घरोघरी कौलांवर, गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या अँटेना उभ्या राहिल्या. त्यांच्यापासून खिडकीपर्यंत फितीसारखी चपटी केबल येत असे. फितीच्या दोन्ही कडांना एकेक तार आणि मध्ये प्लॅस्टिकचा पट्टा, अशी तिची रचना होती. पावसात पडद्यावर मुंग्या दिसू लागल्या की घरातला एखादा मुलगा छत्री घेऊन अँटेना फिरवायला वर जाई. अँटेना बिचारी पुष्कळदा निर्दोष असे. भिजलेली असे ती फीत.

या फितीतून जाणारी विद्युतचुंबकीय ऊर्जा तारांच्या आत नसते, ती दोन तारांच्या मधल्या आणि भोवतालच्या जागेत असते. तारा केवळ तिला वाट दाखवतात. ती जागा कोरडी असली तर तेथे हवा आणि थोडे प्लॅस्टिक असते. हवेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक १, पॉलिथिनचा सुमारे २.३. पाण्याचा मात्र तब्बल ८०. म्हणजे प्लॅस्टिकवर पाण्याचा पातळ पापुद्रा जरी पसरला, तरी दोन तारांमधील धारकता लक्षणीय वाढते. धारकता वाढली की केबलचा अंगभूत संरोध घटतो आणि लहरीचा वेग मंदावतो. संचाच्या दृष्टीने केबलची लांबी जणू पाऊस पडताक्षणी वाढते. ट्यूनरची मे महिन्यात नेमकी जुळवलेली खूण जुलैत चुकीची ठरते, ती यामुळेच.

हा झाला जुळणीतील फरक. तो ट्यूनर फिरवून सावरता येतो. उष्णतेच्या रूपाने जाणारी ऊर्जा मात्र परत मिळत नाही. पाण्याचे रेणू लहरीच्या प्रत्येक आंदोलनाबरोबर दिशा बदलू पाहतात आणि त्या हालचालीत थोडी ऊर्जा गिळतात. त्याहून मोठा भाग पाण्यातील अशुद्धीचा असतो. आकाशातून पडणारे पावसाचे पाणी विजेचे वाईट वाहक आहे. पण वर्षभराची धूळ, वाहनांचा धूर, पक्ष्यांची विष्ठा आणि किनाऱ्यालगत समुद्रावरून उडालेले मीठ फितीवर साचलेले असते. पहिल्या सरी हा थर विरघळवतात आणि दोन तारांमध्ये क्षीण का होईना, वाहकाचा पूल बांधतात. हंगामाच्या पहिल्या पावसात नुकसान अधिक आणि धुऊन निघालेल्या फितीवर नंतरच्या पावसात कमी, असा अनुभव येतो त्यामागे हेच कारण आहे. नव्या प्लॅस्टिकवर पाण्याचे सुटे मणी बनतात, ते ओघळून जातात. उन्हाने खडबडीत झालेल्या जुन्या प्लॅस्टिकवर पाणी सलग पसरते आणि चिकटून राहते. एकाच पावसात दोन शेजाऱ्यांच्या फिती निराळ्या वागतात, त्या यामुळे.

आजचे हौशी चालक याच घराण्यातील ‘विंडो लाइन’ वापरतात. तिच्या मधल्या प्लॅस्टिकमध्ये ठरावीक अंतरावर आयताकृती खिडक्या कापलेल्या असतात, म्हणून हे नाव. प्लॅस्टिक कमी, तेवढा पाण्याला आधार कमी. त्याहून सरस म्हणजे उघड्या तारांची जुनी पद्धत. त्यात दोन तांब्याच्या तारा आणि मधूनमधून त्यांना अलग ठेवणारे चिनी मातीचे किंवा प्लॅस्टिकचे दांडे, बाकी सगळी हवा असते. तेथे पाणी धरून राहायला जागाच नसते आणि पावसाचा परिणाम किरकोळ राहतो. ३ ते ३० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात स्वच्छ विंडो लाइनचे ओले नुकसानही साधारण सुसह्य असते. ५० किंवा १४४ मेगाहर्ट्‌झवर मात्र तीच ओली केबल कोरड्या अवस्थेच्या अनेक पट शक्ती खाते. आकडे पाहून विंडो लाइनला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी आणि तिची सरसकट स्तुती करणाऱ्यांनी, दोघांनीही कंप्रता कोणती हे आधी विचारले पाहिजे. हिमाचल किंवा लडाखमध्ये बर्फाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. गोठलेल्या बर्फाचा स्थिरांक तीनच्या जवळपास असतो. पण त्याचा जाड थर चढला किंवा तो वितळू लागला, तर त्रास पावसापेक्षा अधिक होऊ शकतो.

सहअक्षीय म्हणजे कोॲक्सियल केबलचे गणित याच्या अगदी उलट आहे. येथे मध्यभागी तार, तिच्याभोवती पॉलिथिनचे जाड आवरण, त्यावर तांब्याच्या बारीक तारांची जाळी आणि सर्वांत बाहेर काळे कवच असते. सगळी ऊर्जा मधली तार आणि जाळी यांच्यामध्ये बंदिस्त राहते. कवचावर धो धो पाऊस कोसळला तरी आत काहीही बदलत नाही. त्यामुळे ‘कोॲक्सला पावसाचे भय नाही’ असे म्हटले जाते. जोवर पाणी बाहेर आहे तोवर ते खरेही आहे. मात्र ओली फीत ऊन पडले की तासाभरात वाळते आणि पूर्ववत होते. कोॲक्समध्ये एकदा शिरलेले पाणी सहसा बाहेर येत नाही.

ते शिरते मुख्यतः टोकांतून. हौशी केंद्रांवर सर्रास दिसणारा ‘पीएल-२५९’ हा जोड १९३० च्या दशकातील रचनेचा आहे. त्यात रबरी कडे नाही. आटे घट्ट पिळले तरी तो जलरोधक होत नाही. ‘एन’ प्रकारच्या जोडात असे कडे असते आणि उघड्यावरच्या कामासाठी तो श्रेयस्कर ठरतो. अँटेनाच्या टोकाशी, उंचावर, पाणी जोडात उतरले की जाळीच्या बारीक तारा दिव्याच्या वातीसारखे काम करतात. केशाकर्षणाने पाणी तारांमधील फटींतून पुढे सरकते, आणि वरच्या टोकाकडून आले असेल तर गुरुत्वाकर्षणही साथ देते. काही हंगामांत ते अनेक मीटर आत पोहोचते. याला आणखी एका गोष्टीची मदत होते. दुपारच्या उन्हात काळी केबल तापते, आतली हवा प्रसरण पावून बाहेर पडते. मग अचानक सर येते, केबल थंड होते, हवा आकुंचन पावते आणि जोडाच्या फटीपाशी थांबलेले पाणी आत ओढले जाते. ऊन-पावसाचा खेळ जितका अधिक, तितके हे श्वसन जोरात.

कवचालाही वाटा फुटतात. मे महिन्याच्या उन्हाने पडलेल्या भेगा, खार आणि उंदरांचे दात, फांदीवर होणारे घर्षण, संक्रांतीनंतर गच्चीवर अडकून राहिलेला पतंगाचा मांजा अशी कारणे हॅम मंडळी सांगतात. नारळाला किंवा सुपारीला बांधलेल्या अँटेनाच्या केबलला वाऱ्याबरोबर रोज हजार हेलकावे बसतात, हे कोकण, गोवा आणि केरळातील चालकांना सांगायला नको.

आत गेलेले पाणी दोन प्रकारे हानी करते. जाळी आणि पॉलिथिन यांच्या सीमेवर बसून ते, वर सांगितल्याप्रमाणे, ऊर्जा शोषते. फेसाळ प्लॅस्टिकच्या किंवा हवेच्या पोकळ्या असलेल्या आधुनिक केबलमध्ये पोकळ्या उघड्या असल्या तर हे अधिक वाईट, कारण पाण्याला थेट विद्युतक्षेत्रात जागा मिळते. दुसरी हानी सावकाश होते, पण ती कायमची असते. १४४ मेगाहर्ट्‌झचा प्रवाह तांब्याच्या वरच्या साडेपाच मायक्रोमीटर जाडीच्या थरातूनच वाहतो. ७ मेगाहर्ट्‌झवर ही जाडी पंचवीस मायक्रोमीटर भरते. एवढा पातळ थर काळा किंवा हिरवा पडला की प्रवाहाला चांगले तांबे उरत नाही. जाळीतील एका तारेवरून दुसरीवर जाताना प्रवाहाला जो स्पर्श लागतो, तोही गंजामुळे बिघडतो. अशी केबल मागाहून वाळवली तरी पूर्ववत होत नाही. समुद्रकिनारी मिठामुळे हा क्रम वेगाने घडतो.

आता या विषयातील सर्वांत फसवा भाग. हॅम चालक केबल आणि अँटेना यांची प्रकृती ‘एसडब्ल्यूआर’ मीटरवर पाहतो. अँटेनाने न स्वीकारलेली, परत फिरलेली लहर किती आहे याचे हे माप. १ हा आदर्श, १.५ उत्तम, ३ चिंताजनक, असा सर्वसाधारण हिशेब. मीटर संचाजवळ, केबलच्या खालच्या टोकाला असतो. केबल जितकी अधिक शक्ती गिळते, तितकी परत येणारी लहर वाटेतच विरते आणि मीटर तितका सुंदर आकडा दाखवतो. वादळात अँटेना पूर्णपणे तुटून पडली आणि केबलचे वरचे टोक उघडे लोंबत राहिले, अशी कल्पना करू. केबलचे नुकसान १ डेसिबल असेल तर मीटर ८.७ दाखवेल आणि चालक सावध होईल. नुकसान ३ डेसिबल असेल तर आकडा ३ येईल. ६ डेसिबल गिळणारी पाणावलेली केबल १.७ दाखवेल आणि १० डेसिबल गिळणारी १.२! अँटेना जमिनीवर पडलेली आहे आणि मीटर म्हणतो, सारे क्षेम आहे. कुठलीही दुरुस्ती न करता पावसाळ्यात एसडब्ल्यूआर सुधारला, तर तो आनंदाचा नव्हे, तपासाचा विषय आहे.

तपासणी अवघड नाही. अँटेना सोडवून केबलचे वरचे टोक उघडे ठेवावे आणि खालून अँटेना विश्लेषकाने परतीचे नुकसान मोजावे. लहर वर जाऊन पुन्हा खाली आलेली असल्याने येणाऱ्या आकड्याचा निम्मा भाग म्हणजे केबलचे एकेरी नुकसान. तेच टोक लघुपथित करून पुन्हा मोजले आणि दोन्हींची सरासरी घेतली तर उत्तर अधिक भरवशाचे मिळते. तळहाताएवढे, तुलनेने स्वस्त ‘नॅनोव्हीएनए’ यंत्र हाती आल्यापासून हे काम गच्चीवर उभ्याउभ्या होते. यंत्र नसेल तर साधा मल्टिमीटरही काही सांगतो. वरचे टोक उघडे असताना मधली तार आणि जाळी यांच्यामध्ये रोध जवळजवळ अनंत असला पाहिजे. काटा हलला किंवा आकडा उमटला तर ओलावा आहे. प्रोब उलटसुलट लावून आकडा बदलत असेल तर आत गंजलेले धातू आणि पाणी मिळून चिमुकली बॅटरी तयार झाली आहे, असे समजावे. मात्र रोध उत्तम आला म्हणून केबल निर्दोष, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. खरा उपयोग होतो तो तुलनेचा. मे महिन्यात कोरड्या केबलचे आकडे वहीत लिहून ठेवणाऱ्या चालकाला ऑगस्टमध्ये अंदाज बांधत बसावे लागत नाही.

बंदोबस्ताबाबत सर्वांत मोठा भरवसा स्वतःलाच चिकटणाऱ्या रबरी पट्टीवर ठेवता येतो. ही पट्टी ताणून गुंडाळली की तिचे वेढे एकजीव होतात. उन्हापासून तिचे रक्षण करायला वरून काळ्या पीव्हीसी चिकटपट्टीचा थर द्यावा. शेवटचे वेढे खालून वर न्यावेत. कौले शाकारताना वळचणीपासून आढ्याकडे जातात, म्हणजे वरचे कौल खालच्यावर बसते आणि पाणी आत न शिरता ओघळते. येथेही तीच रीत. नुसती पीव्हीसी पट्टी एका उन्हाळ्यात कडा सोडते, मग पाणी आत येते आणि अडकून बसते, ते उघड्या जोडापेक्षा वाईट. सिलिकॉन वापरायचेच असेल तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे टाळावे. त्यातून सुटणारे ॲसेटिक ॲसिड तांबे खाते. केबल खिडकीतून आत घेण्यापूर्वी तिला खाली लोंबणारे एक वळण द्यावे, म्हणजे केबलवरून वाहत आलेले पाणी पागोळीसारखे त्या वळणातून गळून जाते, खोलीत शिरत नाही. बालूनच्या पेटीला वरून झाकण कितीही घट्ट असले तरी तळाशी एक बारीक छिद्र असावे. आतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी साठतेच, त्याला वाट हवी.

पूरग्रस्त भागात दोन तासांत उभारायच्या तात्पुरत्या केंद्रावर हे सगळे सोपस्कार शक्य नसतात. तेथे जोडाचे तोंड खाली येईल असे बांधणे, केबल शक्य तितकी आखूड ठेवणे आणि सोबत कोरडी, दोन्ही टोकांना टोपणे लावलेली सुटी केबल बाळगणे, एवढे तरी पाळता येते. जोडावर प्लॅस्टिकची पिशवी बांधताना तिचे खालचे तोंड मोकळे सोडावे. चहूबाजूंनी आवळलेली पिशवी आतून घामेजते. विजा कडाडत असतील तर केबल संचापासून सोडवून घराबाहेर ठेवायची, या नियमाला आणीबाणीतही अपवाद नाही.

भिजलेल्या केबलचे काय करावे, हा प्रश्न उरतो. केबल स्वस्त नाही आणि टाकवत नाही. अशा वेळी वरच्या टोकाकडून हातभर कापून कवच सोलावे आणि जाळी पाहावी. ती काळवंडलेली असेल तर आणखी हातभर कापावे. लखलखीत तांबे लागले की तेथे नवा जोड बसवून नुकसान पुन्हा मोजावे आणि उरलेली लांबी पुरेल तेथे वापरावी. चार-पाच हात कापूनही जाळी काळीच निघाली, तर ती केबल कपडे वाळत घालण्याच्या दोरीसाठी द्यावी. त्या कामी ती अनेक वर्षे टिकते.